मालक, उस्ताद आणि वही : प्रशिक्षक बिल वॉल्श

उस्ताद आपला हुन्नर शेवटपर्यंत मुठीत ठेवतो, ही कारखान्यांतली जुनी तक्रार. या दृष्टीने अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचे प्रशिक्षक बिल वॉल्श (१९३१-२००७) यांचे काम अभ्यासण्यासारखे आहे. हा खेळ आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते.

१९७० साली वॉल्श सिनसिनाटी संघात सहायक होते. लांब फेकणारा खेळाडू जायबंदी झालेला. उरला व्हर्जिल कार्टर. हातात जोर कमी, पण नेम अचूक. वॉल्श यांनी असलेल्या मालावरच धंदा बेतला. आखूड फेकी, आणि फेकणाऱ्याची व झेलणाऱ्याची पावलेसुद्धा मोजलेली! तरीही १९७६ मध्ये मुख्य प्रशिक्षकपद दुसऱ्याला मिळाले. वॉल्श तेथून निघाले.

१९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोचा डबघाईला आलेला संघ त्यांच्या हाती आला. पहिल्या वर्षी १६ सामन्यांत विजय फक्त २. दुसरा कोणी असता तर जाहिरातबाजीला लागला असता. यांनी मात्र टेलिफोन कसा घ्यावा इथपासून शिस्त लावली. सामन्याच्या सुरुवातीच्या पंधरा-पंचवीस चाली आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवत, कारण गर्दीच्या गोंगाटात डोके ठिकाणावर राहत नाही. (ईदच्या आदल्या रात्री गल्ल्यावर बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) जानेवारी १९८२ मध्ये हाच संघ अजिंक्य ठरला, पुढे १९८५ आणि १९८९ मध्येही.

माणसांची पारख पाहा. जेरी राईस हा मिसिसिपीतील एका गवंड्याचा मुलगा. भावांनी फेकलेल्या विटा झेलून हात तयार झालेले. लहान कॉलेजातला म्हणून इतर संघ कचरत होते. वॉल्श यांनी १९८५ मध्ये त्याला घेतले. तो या खेळातला सर्वांत मोठा झेलणारा ठरला.

यशाची किंमतही होती. हार त्यांना झोपू देत नसे. १९८९ मध्ये थकून त्यांनी पद सोडले. पण विद्या दडवली नाही. १९८७ पासून त्यांनी कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक प्रशिक्षकांना सराव शिबिरात बोलावून काम शिकवले, कारण त्यांना या धंद्यात कोणी शिरू देत नव्हते. पुढे साऱ्या लीगने ही योजना उचलली.

त्यांच्या हाताखाली तयार झालेला माईक होल्मग्रेन जानेवारी १९९६ मध्ये ग्रीन बेचा संघ घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्याच मैदानावर आला आणि उस्तादाच्या जुन्या संघाला हरवून गेला.