धाडस आहे, पण करुणा नाही



गोड बोलून एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी लाटणारा आणि उघडा पडल्यावरही तिळमात्र लाज न वाटणारा माणूस धरणगावसारख्या गावातही भेटू शकतो. या स्वभावाच्या टोकाच्या रूपाला मानसशास्त्रात 'सायकोपॅथी', म्हणजेच समाजविघातक व्यक्तिमत्त्व म्हणतात. त्याचे गुण-दोष आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हा वेडेपणा नव्हे. मुंबईत अनेक खून करणारा रमण राघव १९६८ साली पकडला गेला. तो गंभीर मनोरुग्ण होता, म्हणून १९८७ साली उच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. सायकोपॅथीत मात्र बुद्धी शाबूत असते. डॉ. हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ साली आपल्या ग्रंथात तिला शहाणपणाचा मुखवटा म्हटले. पुढे रॉबर्ट हेअर यांनी वीस लक्षणांची, चाळीस गुणांची तपासणी तयार केली. ती प्रशिक्षित तज्ज्ञानेच करावयाची असते.

वरवर चांगले दिसणारे गुण : निर्भयता, संकटातही शांत डोके, आत्मविश्वास, बोलण्यातील मोहिनी.

दोष : सराईत खोटेपणा, परदुःखाविषयी बधिरता, पश्चात्तापाचा अभाव, उतावीळपणा, बेजबाबदारपणा.

चार्ल्स शोभराजचे उदाहरण पाहा. मार्च १९८६ मध्ये पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तिहार तुरुंगातून पळाला. एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पकडले. शोभराजचे निदान करणे आमचे काम नव्हे. पण धाडस आणि मोहिनी त्याच्याजवळ होती, ती लागली मात्र माणसांना फसविण्याच्या कामी. धाडस झेंडे यांच्याजवळही होते. ते समाजाच्या रक्षणासाठी वापरले गेले. म्हणजे गुण स्वतः तारत नाही, त्याला दिशा लागते.

ही दिशा धम्मात सांगितली आहे. पापाची लाज म्हणजे 'हिरी' आणि पापाचे भय म्हणजे 'ओत्तप्प'. तथागतांनी या दोहोंना जगाचे रक्षक मानले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही नुसती प्रज्ञा पुरेशी नाही, तिला शील, करुणा आणि मैत्रीची जोड हवी, असे प्रतिपादन केले.

येथे काही जण अंगुलिमालाचे नाव घेतील. परंतु भिक्षू झाल्यावर प्रसूतिवेदनांनी तळमळणारी स्त्री पाहून तो कळवळला. त्याच्या ठायी करुणा जिवंत होती. म्हणून प्रत्येक गुन्हेगारावर हा शिक्का मारू नये आणि सुधारणेचे दार कोणालाही बंद करू नये. त्याचबरोबर भोळेपणाने फसूही नये.

पालकांना आमची विनंती आहे. मूल मुक्या प्राण्यांना वारंवार छळत असेल आणि त्याचे त्याला काहीच वाटत नसेल, तर मारझोड न करता वेळीच तज्ज्ञांना दाखवा. लहानपणी मायेने व शिस्तीने बराच फरक पडू शकतो. आणि विद्यार्थ्यांनो, वक्तृत्वाचे बक्षीस जरूर मिळवा. पण शेजाऱ्याच्या डोळ्यांतील पाणी आपल्याला दिसते का, ही परीक्षाही स्वतःची घेत चला.

जयभीम! नमो बुद्धाय!