नौकेचा पंखा उतरविताना : न बसणाऱ्या पुलरचा धडा

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकण किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंद असते. हा काळ मत्स्योत्पादनाच्या संवर्धनासाठी आहे, तसाच तो नौकांच्या डागडुजीचाही आहे. नौका किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात. तळ घासला जातो, इंजिन उघडले जाते आणि बऱ्याच नौकांचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, शाफ्टवरून उतरवावा लागतो. कुणाचे पाते दोर अडकून वा खडकाला लागून वाकलेले असते, कुणाचे मागचे बेअरिंग झिजलेले असते, तर कुणाचा शाफ्टच बदलायचा असतो.

हे काम दिसावयास लहान, पण त्यावर हंगामाची सुरुवात अवलंबून असते. मोठी नौका किनाऱ्यावर चढविण्यास आणि पुन्हा पाण्यात लोटण्यास उधाणाची भरती लागते. असे उधाण अमावास्या व पौर्णिमा यांच्या आगेमागे, म्हणजे सुमारे पंधरा दिवसांनी येते. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी तेवढे चढत नाही. पंखा निघण्यात दोन दिवस गेले आणि उधाण हुकले, तर नौका पंधरवडाभर कोरड्यावर राहते. तिच्याबरोबर तांडेल आणि खलाशी यांची कमाईही थांबते. म्हणून हे काम शास्त्रशुद्ध रीतीने कसे करावे, याची माहिती मच्छीमार सहकारी संस्था, ग्रामपंचायती आणि किनारपट्टीवरील शाळा यांनाही असणे उपयुक्त ठरेल.

पंखा इतका घट्ट का बसतो?

पंख्याच्या मध्यभागी बैलगाडीच्या चाकाला असतो तसा तुंबा असतो. या तुंब्याचे भोक सरळ नसून निमुळते असते आणि शाफ्टचे टोकही त्याच मापाने निमुळते केलेले असते. १:१०, १:१२ आणि १:१६ हे यासाठी प्रचलित असलेले उतार आहेत. १:१२ याचा अर्थ असा की, दर १२ मिलिमीटर लांबीमागे व्यास १ मिलिमीटरने कमी होतो. मागून नट आवळला की तुंबा या उतारावर पाचरीसारखा चढतो. उतार अगदी मंद असल्यामुळे घर्षणच त्याला धरून ठेवते. नट काढला तरी पंखा आपोआप सुटत नाही. त्यात खारे पाणी शिरून गंज धरला, म्हणजे ही पकड अधिकच पक्की होते.

याच रचनेत कामगाराला अनुकूल अशीही एक गोष्ट आहे. सरळ भोकातील वस्तू शेवटपर्यंत ओढावी लागते. निमुळत्या टोकावरील तुंबा एकदा हलला की मोकळाच होतो. १:१२ च्या उतारावर तो १ मिलिमीटर मागे आला, तरी व्यासात मिलिमीटरच्या बाराव्या हिश्श्याएवढी फट पडते. सारा प्रश्न त्या पहिल्या किंचित हालचालीचा असतो. त्यासाठी जोर लागतो हे खरे. परंतु तो सरळ आणि योग्य जागी लागणे अधिक महत्त्वाचे आहे.

पुलर कोठे चुकतो?

पुलरचे पाय तुंब्याला मागच्या दिशेने ओढतात आणि त्याचा मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर दाब देतो. यातील मोठा गुण असा की, ओढ आणि दाब यांचा हिशेब तुंबा व शाफ्ट या दोघांतच मिटतो. तो जोर गिअरबॉक्सपर्यंत जात नाही. घणाचे घाव किंवा तुंबा व बेअरिंग यांच्यामध्ये ठोकलेल्या पाचरी यांना हा गुण नाही.

मात्र गावात बहुधा जो पुलर उपलब्ध असतो, तो मोटारीच्या गॅरेजमधून मागून आणलेला, दोन पायांचा असतो. तीन पात्यांच्या पंख्याला तो नीट बसूच शकत नाही. त्याचे कारण साध्या भूमितीत आहे. तीन पाती एकमेकांपासून १२० अंशांवर असतात. पुलरचे दोन पाय मात्र समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर असतात. एक पाय दोन पात्यांमधील मोकळ्या जागेत घातला की दुसरा पाय नेमका तिसऱ्या पात्याच्या मुळावर येतो. मग तो पाय थोडा बाजूला सरकवून कसाबसा अडकविला जातो. ओढ तिरपी पडते, तुंबा एका बाजूने उचलला जाऊन शाफ्टवर अधिकच आवळतो आणि अखेर पाय निसटतो.

याखेरीज आणखी तीन अडचणी नेहमी येतात. तुंब्याची पुढची कड गोलसर असल्याने नखी तिच्यावरून घसरते. तुंबा आणि मागचे बेअरिंग यांमधील जागा अरुंद असल्यास जाड नखी आत जातच नाही. पाय आखूड असल्यास नखी केवळ टोकावर अडकते. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर वाढविण्याची प्रवृत्ती असते. साध्या हिशेबाने पाहिले तर, अर्धा मीटर लांबीच्या पान्यावर २० किलोचा जोर दिला असता २० मिलिमीटर जाडीच्या स्क्रूमधून सुमारे अडीच टन ओढ निर्माण होते. पाइप लावून लांबी दुप्पट केली की ती पाच टनांवर जाते. एवढ्या ताणाखाली निसटलेला लोखंडी पाय माणसाच्या हाताचे वा चेहऱ्याचे काय करील, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुलर नीट बसत नसेल तर जोर वाढवू नये, पुलर बदलावा, हा या कामाचा पहिला नियम होय.

पूर्वतयारी

(१) नौका दोन्ही बाजूंनी भक्कम टेकूंवर असावी. इंजिन कोणी चालू करू नये म्हणून चावी काढून बॅटरीची तार सोडावी.

(२) तुंब्यावरील शिंपले, रंग आणि गंज खरवडून काढावा. स्प्लिट पिन काढून नटाचे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. पंखा आणि शाफ्ट यांवर खुणेची एक रेघ ओढावी.

(३) पात्याखाली लाकडी ठोकळा देऊन पंखा फिरू न देता नट सैल करावा. त्यापूर्वी आटे उजवे की डावे, हे पाहून घ्यावे. दोन नट असतील तर बाहेरचा पूर्ण काढावा. आतला मात्र पूर्ण काढू नये. तुंबा आणि नट यांत चार-पाच मिलिमीटरचे अंतर ठेवून तो आट्यांवर तसाच राहू द्यावा. ताणाखालचा पंखा सुटताना झटक्याने मागे उडतो. त्या वेळी हा नटच त्याला अडवितो.

(४) गंज सोडविणारे तेल तुंब्याच्या दोन्ही टोकांशी सोडून एक रात्र जाऊ द्यावी.

दोन पाट्यांचा पुलर

तीन पात्यांच्या पंख्यासाठी सर्वांत भरवशाचे आणि गावातच तयार होणारे साधन म्हणजे दोन पाट्यांचा पुलर. सुमारे २५ मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी पाट्या घ्याव्यात. पहिल्या पाटीला घोड्याच्या नालासारखी खाच पाडावी. खाचेची रुंदी शाफ्टच्या व्यासापेक्षा एक-दोन मिलिमीटरच अधिक असावी. ही पाटी तुंब्याच्या पुढे, शाफ्टवर वरून बसते. दुसरी पाटी शाफ्टच्या टोकामागे राहते. दोन्ही पाट्यांना १२० अंशांवर तीन भोके पाडून त्यांतून तीन लांब बोल्ट घातले जातात. हे बोल्ट पात्यांमधील मोकळ्या जागांतून जातात. खाचेचे तोंड दोन बोल्टच्या मध्ये यावे, म्हणजे पाटी कमकुवत होत नाही. पात्यांची मुळे तिरपी असल्याने, भोके पाडण्यापूर्वी प्रत्येक जागेतून एक सरळ सळई घालून वाट मोकळी असल्याची खात्री करावी. चार पात्यांच्या पंख्याला चार भोके, एवढाच फरक.

मागची पाटी आणि शाफ्टचे टोक यांमध्ये पितळेचा एक गोल तुकडा ठेवावा. त्याचा व्यास शाफ्टच्या टोकापेक्षा कमी असावा, म्हणजे दाब नटावर व आट्यांवर न येता शाफ्टच्या मध्यावर येतो. यानंतर तिन्ही बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळावेत. दर फेरीनंतर दोन पाट्यांमधील अंतर तिन्ही बोल्टांशी पट्टीने मोजावे. ते सारखे असेल तरच ओढ सरळ आहे असे समजावे. एखाद्या बाजूला फरक पडल्यास तेथेच थांबून तो बोल्ट सैल करावा.

चांगला ताण आल्यावर आणखी आवळू नये. तुंब्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरावा आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या हातोड्याने नेमके ठोके द्यावेत. ठोके तुंब्यावर पडावेत. पात्यांवर, आट्यांवर वा बोल्टांवर नव्हे. काम करणाऱ्याने पंख्याच्या थेट मागे उभे न राहता बाजूला उभे राहावे. पुष्कळदा याच वेळी 'टक्' असा आवाज होऊन तुंबा सुटतो. तसे न झाल्यास ताण तसाच ठेवून काही तास वाट पाहावी. ताण, ठोके आणि तेल यांचा एकत्रित परिणाम होण्यास वेळ लागतो.

उष्णतेचा उपयोग

ब्रॉंझचा तुंबा तापविला की पसरतो. ५० मिलिमीटर व्यासाचे भोक ३० अंश सेल्सिअसवरून ९० अंशांपर्यंत तापविले, तर ते मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या हिश्श्याने मोठे होते. परंतु हा लाभ शाफ्ट थंड असेपर्यंतच मिळतो. म्हणून तुंब्याभोवती चिंध्या गुंडाळून त्यांवर उकळते पाणी लवकर लवकर ओतावे व लगेच बोल्ट आवळावेत. हातांना जाड मोजे असावेत. गॅसच्या ज्वाळेचा मोह टाळलेला बरा. मागच्या बेअरिंगमधील रबर, फायबरचा किंवा लाकडाचा तळ आणि तळाशी साचलेले डिझेल ही सारी तिच्या आवाक्यात असतात. एकाच जागी तापलेल्या तुंब्याला तडा जाण्याचाही संभव असतो.

जुना पुलरच वापरावा लागला तर

दुसरा इलाज नसेल तर किमान तीन पायांचा पुलर घ्यावा. नखी आणि तुंबा यांमधील फट पितळी पट्टीने भरून नखी पूर्ण रुंदीने टेकवावी. पाय बाहेर फाकू नयेत म्हणून त्यांच्याभोवती मजबूत पट्टा आवळावा. स्क्रूचे टोक शाफ्टच्या मध्यबिंदूवरच असावे. एवढे करूनही एखादा पाय सरकू लागला, तर प्रयत्न सोडून द्यावा. शाफ्टच्या टोकावर घण मारणे, पात्यांना पहार लावणे आणि पात्यांना दोर बांधून ट्रॅक्टरने ओढणे, हे तिन्ही प्रकार कटाक्षाने टाळावेत. पहिल्याने आटे चेपतात आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग दुखावते. उरलेल्या दोहोंनी दुरुस्तीला काढलेला पंखा निकामी होतो.

पंखा निघाल्यानंतर

शाफ्टवरील चावी आणि तिची खाच तपासावी. खाचेच्या कोपऱ्यांतून बारीक तडे सुरू होतात, ते भिंगाने पाहावेत. पंखा पुन्हा बसविताना आधी चावी न घालता बसवून पाहावा आणि शाफ्टवर रंगाचा पातळ हात देऊन तुंबा सर्वत्र टेकतो की नाही, हे तपासावे. चावी उंच असेल तर तुंबा उतारावर न बसता चावीवर बसतो आणि थोड्याच दिवसांत खुळखुळू लागतो. नट पूर्ण आवळून स्प्लिट पिन नेहमी नवी घालावी.

संस्थांनी काय करावे?

दोन पाट्यांचा पुलर प्रत्येक नौकामालकाने घेण्याची आवश्यकता नाही. वर्षातून एकदा लागणारे हे साधन सामाईक असणेच योग्य. डिझेल आणि बर्फ यांचा पुरवठा करणाऱ्या मच्छीमार संस्थांना गावातील शाफ्टची मापे नोंदवून दोन-तीन मापांचे संच सहज बाळगता येतील. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मापन, छिद्रण आणि आटे पाडणे यांचा प्रत्यक्ष पाठ म्हणून हेच काम देता येईल. तीन पाती आणि दोन पाय यांचा मेळ का बसत नाही, हे गणिताच्या शिक्षकांना फळ्यावर तीन रेघांत दाखविता येईल. ग्रामपंचायतीने मे महिन्यात, नौका वर येण्यापूर्वी, तांडेल आणि कारागीर यांची एक बैठक घेऊन प्रात्यक्षिक केल्यास जूनमधील घाई टळेल.

पंखा उतरविण्यात दरवर्षी जी बोटे चेंगरतात, जी पाती वाकतात आणि जी उधाणे हुकतात, त्यांचे मूळ बहुतेक वेळा अंगबळाच्या उणिवेत नसते. मापाचे साधन वेळेवर हाताशी नसते, यात ते असते. दोन लोखंडी पाट्या आणि तीन बोल्ट एवढ्या सामग्रीने ही उणीव भरून निघते. त्यासाठी मोजमाप आधी व्हावे आणि आवळणे नंतर, एवढी शिस्त मात्र पाळावी लागेल.