पोटात तेल धरणारा खडक

विहीर खणताना कोरडा दगड लागला की काळजाचे पाणी होते. पैसा जातो, घाम जातो, आणि हाती येतो धोंडा. कॅनडा देशात एका कंपनीने अशा 133 विहिरी कोरड्या काढल्या. पाण्यासाठी नव्हे, तेलासाठी! शेवटी तेल मिळाले. ते कुठे दडले होते, पाहा.

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात मैलोगणती सपाट शेते आहेत. समुद्र तिथून फार लांब. पण सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्यात पोवळ्याच्या जातीचे जीव राहत. ते पाण्यातला चुना घेऊन घर बांधत. जुने जीव मरत. त्यांच्या घरांवर नवे जीव घरे बांधत. होता होता शेकडो फूट उंचीचे खडक झाले.

पुढे त्यांवर गाळ साचला. थरावर थर बसले. गाळाचा घट्ट दगड झाला आणि पोवळ्याचा खडक खाली गाडला गेला. पण आंबोळीला जाळी पडते ना, तशी त्याच्या अंगात भोके होती.

समुद्रतळाच्या चिखलात बारीक जीव मरून पडले होते. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने त्यांचे तेल झाले. तेल पाण्याहून हलके. ते वर सरकले आणि त्या भोकांत शिरले. वर घट्ट दगडाचे झाकण! तेल तिथेच अडकले.

मग ते वरून कळले कसे? माणसांनी जमिनीत लहान सुरुंग उडवले. हादरा खाली जातो, खडकावर आपटून परत येतो. त्याला किती वेळ लागला, ते यंत्र टिपते. त्यावरून खालचा उंचवटा समजतो. लेडूक गावाजवळ असा उंचवटा दिसला. तिथे 13 फेब्रुवारी 1947 रोजी, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर तेल लागले. त्याच वर्षी जवळच्या दुसऱ्या विहिरीने आणखी खाली जाऊन पोवळ्याचा खडक गाठला. त्यात तर जास्तच तेल निघाले.

आपल्या काळ्या दगडाचेही तसेच आहे. अखंड दगडात पाणी राहत नाही. ते राहते भेगांत आणि भोकांत. म्हणून बाबांनो, कर्ज काढून विहीर खणण्याआधी भूजलाच्या जाणकाराला जागा दाखवा. आधी दगड ओळखा, मग कुदळ उचला.

सांगा पाहू :
1. पोवळ्याच्या खडकात तेल का साठले?
2. तुमच्या विहिरीला पाणी कोणत्या दगडातून येते?