दगडफूल आणि मँटा रे

आमचं गाव केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे दगडफूल घराघरात आणि रे मासा फक्त डिस्कव्हरी चॅनलवर! तरी दोघांची तुलना करायला घेतली, कारण दोघांचं गणित आमच्या विहिरीसारखं आहे. कसं ते सांगते.

काळ्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे पार्मोट्रेमा पर्लेटम नावाचं लायकेन. ते फूल नाही, झाडही नाही. बुरशी आणि हिरवं शैवाल यांची ती पार्टनरशिप आहे. शैवाल उन्हात अन्न तयार करतं, बुरशी त्याला घर देते आणि ओल धरून ठेवते. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने 1860च्या दशकात हे मांडलं, तेव्हा बऱ्याच तज्ज्ञांना ते पटलंच नव्हतं. गंमत म्हणजे दगडफूल बऱ्याचदा झाडाच्या सालीवर वाढतं. नाव मात्र दगडाचं!

मँटा रे, म्हणजे मोबुला बिरोस्ट्रिस, हा कोकणातल्या पाकटाचा अवाढव्य भाऊबंद. पंख पसरले की 7 मीटरपर्यंत रुंद, पण अंगात हाड एकही नाही, सगळी कूर्चा. तोंड उघडं ठेवून पोहायचं, कल्ल्यांनी पाणी गाळायचं आणि बारीक प्लवक खायचे. हे प्लवकही शेवटी शैवालावरच जगतात. म्हणजे लायकेनने शैवालाला घरीच भाडेकरू ठेवलंय आणि मँटा त्याच्यासाठी समुद्रभर फिरतोय.

आता विहीर. उन्हाळ्यात मोटार किती वेळ चालवायची हे झरा ठरवतो, आपण नाही. लायकेनचा झरा फारच बारीक: वर्षाला साधारण काही मिलिमीटर वाढ. मँटाची मादी सुमारे वर्षभर पोटात वाढवून बहुधा एकच पिल्लू देते, पुढचं कित्येकदा 2-3 वर्षांनी. उपसा मात्र जोरात. दगडफूल शेतात पिकत नाही, हिमालयाच्या जंगलातून गोळा होऊन आपल्या किराणा दुकानात येतं. मँटा दुसऱ्या माशांसाठी लावलेल्या जाळ्यांत अडकतो, शिवाय त्याचे वाळवलेले कल्ले चीनमध्ये औषध म्हणून विकले जातात. त्याने काही बरं होतं याला पुरावा नाही, तरी गिऱ्हाईक आहे.

मँटाला 2013 साली साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत घेण्याचं ठरलं आणि 2020 मध्ये आययूसीएनने त्याला धोक्यातली जात ठरवलं. साइट्सच्या यादीत आजवर एकही लायकेन नाही.