जहाजावरील भंडारी

उल्हास नदीकाठचे कल्याण हे प्राचीन काळी नामांकित बंदर होते. लांबच्या सफरीस निघणाऱ्यास मालाइतकीच शिध्याचीही काळजी घ्यावी लागे. पुढे आगबोटींवर सारंग व टंडेल यांचा मान मोठा असे. परंतु हिंदी खलाशांच्या पोटाची चिंता वाही तो भंडारी. भांडार ज्याच्या हाती, तो भंडारी! दर्या खवळला म्हणजे त्याची खरी कसोटी लागे. चुलीवरील कठड्यात भांडी अडकवावी, ती अर्धीच भरावी आणि डोलत्या जमिनीवर पाय रोवून भात शिजवावा. एक हेलकावा चुकला, की उकळते पाणी अंगावर! २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १० वा अधिक माणसे नेमावी लागणाऱ्या जहाजावर शिक्षण घेतलेला स्वयंपाकी असावाच लागतो. त्याचे वय १८ वर्षांहून कमी असता कामा नये.