मेमो लिहिण्याआधी

आकुर्डीच्या एका रुग्णालयात मी संसर्ग-नियंत्रणाची सिस्टर होते. सर्जरी वॉर्डात एकामागून एक पेशंटना जुलाब लागले. तपासणीत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल निघालं. हात नीट धुतले नाहीत म्हणून मी रात्रपाळीच्या सिस्टरला मेमो दिला. ती रजेवर गेली आणि त्याच आठवड्यात आणखी दोन पेशंट निघाले. त्या मुलीवर मी अन्याय केला होता.

माझे यजमान चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहेत. ते म्हणाले, ''आमच्याकडे 'ऑपरेटर चुकला' एवढंच कारण लिहिलं, तर ऑडिटर कागद परत देतो.'' मग आम्ही मोठा कागद पसरला. डेन्मार्कच्या येन्स रासमुसेन यांनी 1997 मध्ये मांडलेली ही रीत: तळाशी घटना, वर कर्मचारी, त्यावर व्यवस्थापन, सर्वांत वर शासन, आणि वरचा कुठला निर्णय खाली कुठं पोचला, ते बाणांनी दाखवायचं. इंग्लंडमधल्या मेडस्टोनच्या रुग्णालयांत 2004 ते 2006 मध्ये याच जंतूनं सुमारे 90 जीव घेतले. तिथंही चौकशीत खाटांची दाटी, नर्सेसची कमतरता आणि पैशांचा व वेळेच्या उद्दिष्टांचा दबाव पुढं आला.

आमच्या कागदावर काय आलं? या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत, साबण-पाणीच लागतं. पण साबणाचा इंडेंट शनिवारी अडकला की सोमवारपर्यंत सहीच नाही. अँटिबायोटिक सुरू करणारे डॉक्टर बरेच, थांबवण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. रिपोर्ट यायच्या आत पेशंट दुसऱ्या खाटेवर, कारण खाली कॅज्युअल्टी भरलेली.

तुमच्या वॉर्डात असं घडलं तर मेमो बाजूला ठेवा, खाटा आधी वेगळ्या करा आणि त्याच दिवशी कागद घ्या. स्टोअरकीपर, फार्मासिस्ट, प्लंबर सगळ्यांना बसवा. 'कुणी केलं' असं विचारू नका. 'त्या वेळी तुमच्या हाताशी काय होतं' असं विचारा. साहेब लोकांना जरा उशिरा बोलवा, नाहीतर कुणी तोंड उघडत नाही.

मावशींना मात्र विसरू नका. आमच्या मावशी शेवटी बोलल्या. शहरात 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी. टाकी पुरावी म्हणून रात्री बेडपॅन धुवायच्या खोलीचा कॉक बंद केला जाई. मग भांडी वॉर्डातल्या सिंकवर धुतली जात, आणि पहाटे त्याच नळावर पेशंटचे पाण्याचे जग भरले जात.