आकाराचा खेळ

अँथनी ब्राऊन हे इंग्लंडातले चित्रकार. मुलांसाठी गोष्टीही तेच लिहितात. २००९ ते २०११ या काळात तिथला मुलांच्या लेखकाचा मोठा मान त्यांच्याकडे होता. शाळेत मुले भेटली, की ते एक खेळ मांडत. लहानपणी हा खेळ ते भावाबरोबर खेळत.

खेळ असा. एकाने कागदावर कसलाही आकार काढायचा. दुसऱ्याने त्याला रेघा जोडून त्याचे काहीतरी करायचे. मासा करा, बैल करा. इथे कुणाचे चुकत नाही. मग 'मला चित्र येत नाही' म्हणणारे पोरही पुढे सरकते.

कोऱ्या पाटीची धास्ती आपल्यालाही होतीच ना? आज रात्री पोरांना जवळ घ्या. आकार तुम्ही काढा, चित्र त्यांना करू द्या. मग आकार त्यांनी काढायचा, चित्र तुम्ही करायचे.